आधी खोड, मग भाव

हं, सुहासराव, तबला जरा थांबवा! मंडळींना श्वास घेऊ द्या — आणि मलाही! पूर्वरंग झाला. ज्यांना डुलकी काढायची होती त्यांची काढून झाली. ते कोपऱ्यातले काका अजून काढतायत, त्यांना कुणीतरी प्रेमानं ढोसा! आता आख्यान आहे, काका. आता झोपलात तर घरी गेल्यावर काकू विचारतील, बुवांनी काय सांगितलं? मग काय सांगाल? पंखा छान होता?

तर मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न टाकतो. एका वस्तूला किमती किती? एक? हसू नका, नीट विचार करून सांगा!

आमच्या शेजारच्या काकूंनी परवा जुना मिक्सर विकायला काढला. घ्यायला आलेल्या बाईला काय म्हणाल्या? "अहो, नव्यासारखा आहे! वापरलाच नाही हो, कपाटातच होता!" कपाटात होता? रोज सकाळी सहाला त्याच्या घरघरीनं आमची अख्खी चाळ उठायची! बरं, त्याच काकू दुपारी जुना कुकर बघायला गेल्या. तिथं काय म्हणाल्या? "शी! शिट्टी कशी फुसफुसतेय. रबर गेलंय. बूड बसलंय. ह्याचे कसले पैसे द्यायचे?" आता सांगा — विकताना वस्तू नव्यासारखी, आणि घेताना दुसऱ्याची भंगार! बाई एक, दिवस एक, जिभा मात्र दोन. मग खरी किंमत कुठल्या जिभेवर?

हा प्रश्न धरून ठेवा. उत्तर मी देणार नाही. उत्तर एक म्हातारा देणार आहे, आणि तो कुठं देणार आहे? देवळात? आश्रमात? छे! व्हिडिओ गेमच्या दुकानात!

झालं! लगेच माई एकमेकींकडे बघायला लागल्या. बुवांना काय झालं? अहो, आख्यान म्हटलं की राजा हरिश्चंद्रच हवा असं कुणी सांगितलं? खरं बोलायची परीक्षा राजालाच असते का? तुम्हाआम्हाला रोज असते — भाजीवाल्यापुढं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ एका चकतीवर असतो. पापडाएवढी चकती, चकचकीत, प्लास्टिकच्या डबीत. ती यंत्रात घालायची, यंत्र टीव्हीला जोडायचं, हातात रिमोट घ्यायचा, आणि मग मोटार पळवा, राक्षस मारा, काय हवं ते करा. जेवायला हाक आली की "आलो, आलो" म्हणायचं आणि यायचं नाही! ही सगळ्यात महत्त्वाची कृती. आणि मंडळी, या खेळाची एक गंमत आहे. खाल्लेली पुरणपोळी विकता येते का? नाही! पाहिलेलं नाटक विकता येतं का? नाही! पण खेळून खेळून कंटाळा आलेला खेळ मात्र विकता येतो. जुना द्या, दुसरा घ्या. आणि जिथं जुनं विकलं जातं, मंडळी, तिथं त्या दोन जिभा आल्याच!

तर सांगली गाव. गणपती पेठेच्या मागं एक बोळ, त्या बोळात दुकान — 'विरंगुळा'. मालक अविनाश कोठावळे, सगळे म्हणायचे अविशेठ. गोरा, गुबगुबीत, बोलायला साखर! जुन्या चकत्या घ्यायचा, जुन्या चकत्या विकायचा. पोरं चकती विकायला आली की शेठचा चेहरा असा पडायचा — असा! — घरात काही वाईट घडल्यासारखा. "मार्केट डाउन आहे रे बाळा. ह्याला आता कोण विचारतंय?" आणि तीच चकती संध्याकाळी काचेच्या कपाटात! शेठचा चेहरा फुललेला! "शेवटचा पीस आहे साहेब. लोक रडतात ह्याच्यासाठी!" अहो शेठ, सकाळी तुम्ही रडत होता, संध्याकाळी लोक रडतात, मग हसतं कोण?

आता दुसरं पात्र. ऋतुजा. कॉलेजात जाणारी, हुशार, आणि मोटारींच्या शर्यतीच्या खेळात अशी पटाईत की भले भले मुलगे हात टेकायचे. तिची मैत्रीण शमीम, पलीकडच्या गल्लीत राहणारी. दोघींकडे तोच शर्यतीचा खेळ. ऋतुजाची चकती चरे पडलेली, डबी तडकलेली. दुसऱ्या शर्यतीच्या वळणावर गाडी गेली की खेळ गोठायचा! गाडी पुढं नाही, मागं नाही, आमच्या नगरपालिकेच्या कामासारखी.

आणि शमीमची चकती? नवी कोरी! एक चरा नाही. का? तिचा थोरला भाऊ पुण्याला नोकरीला लागला, त्यानं पहिल्या पगारातून बहिणीला घेऊन दिलेली. ती चकती शमीम अशी जपायची, अशी जपायची, की आपण दागिनेसुद्धा तितके जपत नाही. मग एकदा खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मुलीचं लग्न निघालं, शमीम सोलापूरला निघाली. घरात पाहुण्यांची लहान पोरं येणार. तिनं चकती ऋतुजाकडे आणून दिली. म्हणाली, "तुझ्याकडे ठेव. रविवारी येते, तेव्हा घेऊन जाईन. दुसऱ्या कुणाकडे ठेवली नसती गं."

लक्षात ठेवा हे वाक्य! दुसऱ्या कुणाकडे ठेवली नसती. या वाक्याची किंमत करा बरं. करता येत नाही ना?

आता ऋतुजाला एक नवा खेळ हवा होता. तिच्या मनात आलं, आपली चरे पडलेली चकती विकून टाकावी. विचार चांगला! पण मंडळी, चांगल्या विचाराच्या मागोमाग एक लबाड विचार येतोच, लग्नातल्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. तिला वाटलं, शेठ डबी बघतो, चकती वरवर बघतो. शमीमची डबी चकाचक आहे. आपली चकती त्या डबीत घालून विकू. शमीमची चकती आपल्या तडकलेल्या डबीत ठेवू. शमीमला सांगू, डबी हातातून पडली गं, सॉरी गं! चकती तर तिचीच तिला मिळणार, मग कुठं बिघडलं?

कुठं बिघडलं! मंडळी, जगातले सगळे बिघाड या दोन शब्दांनी सुरू होतात.

पण चरे? चऱ्यांचं काय करायचं? तिला कुणीतरी सांगितलं होतं — चकतीला टूथपेस्ट लावून हलक्या हातानं घासायची, चरे दिसेनासे होतात. झालं! पोरगी मोरीत बसली. आतून बाहेर, आतून बाहेर, मऊ फडक्यानं घासतेय! आई बाहेरून ओरडतेय, "अगं, अंघोळ करतेस की भांडी घासतेस?" ही म्हणतेय, "आलेच!" इतक्या मायेनं तिनं कधी स्वतःचे दात घासले नसतील! चकती धुतली, पुसली, उजेडात धरली. चकाकली की हो! चरे गायब! शमीमची चकती शेजारी ठेवली. दोन्ही सारख्या! ऋतुजा स्वतःवर खूश. तेवढ्यात आईनं हाक मारली, पाहुणे आले, चहा टाक. चहा टाकून परत आली, घाईघाईनं एक चकती या डबीत, एक त्या डबीत, आणि निघाली दुकानात.

शेठनं डबी उघडली. चेहरा पडला. "मार्केट डाउन आहे गं बाळा. भंगार झालंय हे आता. ह्याला कोण विचारतंय?" तिनं घासाघीस केली, शेवटी दोनशे रुपये. दोनशे घेऊन तिनं काय केलं? सांगलीची पोरगी, आणखी काय करणार! भडंग घेतलं. मैत्रिणींना बोलावलं. नव्या खेळाचं राहिलं बाजूला, दोनशे रुपये कुरकुरीत होऊन पोटात गेले.

दुपारी घरी आली. म्हटलं, चला, शमीमच्या चकतीवर एक शर्यत खेळू. तडकलेली डबी उघडली, चकती यंत्रात घातली. पहिली शर्यत जिंकली. दुसरी शर्यत सुरू झाली. वळण आलं — आणि गाडी गोठली!

ऋतुजाही गोठली. चकती बाहेर काढली. नाकाशी नेली. मंडळी, चकतीला पुदिन्याचा वास!

कळलं का? अहो, घासून घासून तिनं चकती अशी छान केली की खोटी कुठली आणि खरी कुठली, हे जिनं खोटं केलं तिलाच कळलं नाही! शेठला फसवायला केलेली युक्ती, शेठ राहिला बाजूला, हिच्याच पायात अडकली. शमीमची चकती, भावाच्या पहिल्या पगाराची, दोनशे रुपयांना विकून, वर लिंबू पिळून खाल्ली! आणि रविवार? रविवार उद्यावर!

पळत सुटली. दुकानात गेली तर काय? चकती काचेच्या कपाटात! खाली चिठ्ठी — चौदाशे रुपये! आणि कपाटापुढं एक गॉगलवाले गृहस्थ पाकीट उघडून उभे, "पॅक करा, मुलीचा वाढदिवस आहे."

"शेठ, ती देऊ नका! ती माझी आहे! माझी नाही, मैत्रिणीची आहे!"

"सकाळी तूच विकलीस की बाळा."

"पण तुम्ही तर म्हणालात, भंगार आहे! ह्याला कोण विचारतंय म्हणालात!"

शेठ गोड हसला. "सकाळी कुणी विचारत नव्हतं. आता तू विचारतेयस ना! साहेब विचारतायत! दोघं विचारतायत म्हटल्यावर भाव वाढणार नाही का?"

हा माणूस आपल्या नगरसेवकांचा गुरू शोभला असता! पण ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, मंडळी. हसू नका. शमीमला काय सांगायचं, हा एकच विचार. तिनं त्या गृहस्थांना हात जोडले, "काका, घरून येईपर्यंत थांबा." गृहस्थ भले होते, म्हणाले, "थांबतो. पण वाढदिवस थांबत नाही, लवकर ये."

घरी कोण होतं? आई माहेरच्या पाहुण्यांबरोबर बाजारात. वडील कामावर. ओट्यावर बसले होते आबा. तिचे आजोबा, सिदूआबा, आटपाडीकडचे. सांगलीला डोळे दाखवायला आलेले. धोतर, पागोटं, खांद्यावर टॉवेल, आणि मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं. हा म्हातारा जन्मभर एकच धंदा करत आला — बैलांच्या बाजारात दलाली. खिलार बैल बघून सांगायचा, ह्यो कसा चालंल, कुठं अडंल.

नात रडत रडत सगळं सांगायला लागली. सगळं? नाही! टूथपेस्टचं गाळलं! बघा, रडतानासुद्धा माणूस हिशेबानं रडतं. "आबा, चुकून मैत्रिणीची चकती गेली, आणि शेठ सातपट मागतोय."

आबा उठले. "चल. जनावर बगू."

"आबा, जनावर नाही, चकती आहे."

"तेच की. बाजार त्यो बाजार. तुज्या बाकीच्या चकत्या बी पिशवीत घे."

आता दुकानातला प्रवेश ऐका! दिगंबरपंत, पेटीवर जरा रुबाबदार काहीतरी वाजवा — अहो इतकं नको, म्हातारा आलाय, वरात नाही! तर आबा आत आले. काच, दिवे, भिंतभर डब्या. आबा म्हणाले, "गोठा लई चकचकीत ठिवलाय की!" शेठ उठून उभा राहिला. "या आजोबा, काय हवंय?" आबांनी चकती मागितली, दिव्यापुढं तिरकी धरली, उलटी केली, सुलटी केली. मग विचारलं, "किती दाती हाय?"

बैलाचं वय दातांवरून बघतात, मंडळी. शेठ बघतच राहिला. "आजोबा, ह्याला दात नसतात."

"मंग वय कसं बगता?"

गॉगलवाले काका खो खो हसायला लागले. ऋतुजाला वाटलं, धरणी दुभंगावी! पण आबांना काय त्याचं? त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, शेठचा हात धरला, त्याच्यावर टॉवेल टाकला आणि खालून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली.

बैलबाजारातली रीतच आहे ती. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली बोटं धरायची, इतकी बोटं म्हणजे इतके हजार. चारचौघांपुढं कुणाचा अपमान नाही, कुणाची फुशारकी नाही. पण शेठला कुठलं ते ठाऊक! तो अंग चोरून वळवळायला लागला, "अहो आजोबा — हात सोडा — हीहीही — मला गुदगुल्या होतात हो!"

हसा, हसा मंडळी! पण आता हसू गिळायची वेळ आलीय. आबांनी टॉवेल काढला आणि वळले नातीकडे. शेठकडे नाही, नातीकडे! "पोरी, आमच्या बाजारात टावेलाखाली हात घालायच्या आदी इकणाऱ्यानं सवताच्या तोंडानं जनावराची खोड सांगायची असतीया. मारतुया, बसतुया, जू टाकतुया, काय आसंल त्ये. सकाळी हितं आलीस, तवा तू खोड सांगितलीस का?"

झालं! पोरीची मान खाली.

मंडळी, तिथं गॉगलवाले काका उभे. दोन कॉलेजची मुलं उभी. शेठ समोर. खोटं बोलायची सोय होती की! "खोड काहीच नव्हती आबा" असं म्हटलं असतं तर ते खरंही होतं — विकली गेलेली चकती चांगलीच होती! शब्दानं खरं, मनानं खोटं. असली सत्यं आपल्याला फार आवडतात, नाही का? पण शमीमचं वाक्य तिच्या कानात होतं. दुसऱ्या कुणाकडे ठेवली नसती. तिनं मान वर केली आणि सगळं सांगितलं. मोरी, टूथपेस्ट, डब्यांची अदलाबदल, सगळं. "शेठ, मी तुम्हाला चरे पडलेली चकती चांगली म्हणून द्यायला आले होते. चुकून चांगली दिली."

शेठ टाळी वाजवून ओरडला, "बघा! बघा! म्हणजे मला फसवायला आली होती ही! आणि म्हातारा मला बाजार शिकवतोय!"

आबा म्हणाले, "व्हय. तिची खोड तिनं सांगितली. आता तुमची सांगा, शेठ."

"माझी? माझी कसली खोड?"

"सकाळी ह्ये भंगार व्हतं. सांजच्याला चौदाशेचं झालं. आसं करा, एकच भाव बोला. ज्यो बोलाल त्या भावानं मी ह्ये घेतो. आन् त्याच भावानं पोरीच्या पिशवीतल्या बाकीच्या चांगल्या चकत्या तुमी घ्याच्या. बोला!"

आता आली का पंचाईत! चौदाशे म्हणावं तर ऋतुजाच्या पिशवीतली एकेक चकती चौदाशेला घ्यावी लागणार. दोनशे म्हणावं तर ही दोनशेला द्यावी लागणार. शेठ एकदा काचेकडं बघतो, एकदा पिशवीकडं! दोन जिभांच्या माणसाला एकदा एकच जीभ वापरायला सांगा, मंडळी. बोबडा होतो!

आणि मग काय झालं असेल? शेठ भांडला? नाही. शेठ खाली बसला आणि पहिल्यांदा खरं बोलला. "आजोबा, दुकानाचं भाडं आहे. वीज आहे. कधी चकती चालत नाही, गिऱ्हाईक परत आणतं, तो तोटा माझा. ह्या चकतीचा खरा भाव सात-आठशेच्या घरात. पण घेताना खरा भाव सांगितला, तर मी खाऊ काय?"

आणि आबा — मंडळी, इथं कान द्या, आख्यानाचं सार इथं आहे — आबा त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "दलाली घे की लेका! कोण नगं म्हंतंय? म्या जलमभर तीच खाल्ली. दलाली काय पाप न्हाय. पर आमी भाव टावेलाखाली ठिवतो आन् दलाली चारचौगांत बोलतो. तू उलटं केलंस. भाव काचंत लावलास आन् दलाली टावेलाखाली ठिवलीस!"

सुहासराव, द्या एक थाप! दिगंबरपंत, सूर द्या! या जागेवर एक पद म्हणतो. शब्द माझे, चाल दिगंबरपंतांची. चूक सापडली तर दोन्ही दिगंबरपंतांचं!

सांगे आधी खोड, मग बोले मोल।
तयाचा तो बोल, लाख मोली॥

म्हणा माझ्यामागून! मोठ्यानं म्हणा! तिकडच्या ओळीतले व्यापारी जरा हळू म्हणतायत असं दिसतंय. हरकत नाही, घरी जाऊन म्हणा.

तर पुढं काय झालं? शेठ म्हणाला, "बरं. दोनशेला घेतली, शंभर माझी दलाली. तीनशेला घेऊन जा." तोंडानं बोलला, सगळ्यांपुढं बोलला! पण ऋतुजाकडे तीनशे कुठं? भडंग! आबांनी कनवटीला हात घातला असेल असं तुम्हाला वाटतंय ना? नाही घातला! म्हातारा पक्का. ऋतुजानं पिशवीतून आपला सगळ्यात आवडता खेळ काढला आणि शेठपुढं ठेवला. "शेठ, ह्याची डबी एका बाजूनं फुटलीय. आतली पुस्तिका नाही. पण चकती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते." शेठनं यंत्रात लावून बघितली. चालली. म्हणाला, "पाचशे देतो. सहाशेला विकीन." शमीमची चकती परत, वर दोनशे हातात. पोरगी गालातल्या गालात हसली.

तेवढ्यात गॉगलवाले काका पुढं झाले. "शेठ, आता खोड सांगायची रीत पडलीच आहे, तर गेल्या आठवड्यात मला दिलेल्या रिमोटची पण सांगून टाका!" शेठ चाचरला. "त्याचं डावं बटण... जरा लहरी आहे." "लहरी? दाबलं की तीनदा चालतं आणि चौथ्यांदा रुसतं! माझी गाडी सारखी उजवीकडेच वळते!" शेठनं मुकाट्यानं दुसरा रिमोट दिला. वाढदिवसाला काकांनी दुसरा खेळ घेतला, आणि घेण्याआधी पाच गोष्टी विचारल्या, त्या पाचांची उत्तरं शेठनं दिली. कानात नाही, मोठ्यानं!

रविवार उजाडला. शमीम आली. हातावर मेंदी, पिशवीत लाडू. ऋतुजानं तिला चकती दिली, चकाचक डबीत. आता गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? आबा बोलणार नव्हते. पण एकदा खोड सांगायची सवय लागली की जीभ थांबत नाही. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस."

शमीमनं डबी उघडली, चकती हातात घेतली. मग म्हणाली, "एक सांगू? या चकतीत पण खोड आहे."

"काय?"

"शेवटची शर्यत चालूच होत नाही. पहिल्या दिवसापासून. भाईजाननं पहिल्या पगारातून आणली, रोज फोनवर विचारतो, जिंकलीस का? त्याला काय सांगू? जिंकले म्हणून सांगत आले. कुणाला बोलले नाही. तुलासुद्धा नाही."

अरेच्चा! म्हणजे शेठ सकाळी 'भंगार' म्हणाला ते थोडंफार खरंच होतं की! खोटं बोलायला गेला आणि चुकून खरं बोलला! असंही होतं कलियुगात.

पण आता गंमत बघा. ऋतुजाची चकती कुठं अडायची? दुसऱ्या शर्यतीला. शमीमची कुठं? शेवटच्या. खेळ तोच, यंत्र तेच! आणि जिंकलेल्या शर्यती लक्षात ठेवतं ते यंत्र, चकती नाही! शमीमची चकती लावली, शेवटच्या शर्यतीपर्यंत आल्या. ती काढली, पुदिन्याच्या वासाची चकती लावली. आणि मंडळी, शेवटची शर्यत सुरू झाली! खोड लपवली तोवर एकीचाही खेळ पुरा होत नव्हता. खोड सांगितली, दोघींचा झाला. शमीमनं शर्यत जिंकली आणि त्याच मिनिटाला भावाला फोन लावला, "भाईजान, जिंकले! आज खरंच जिंकले!"

ओट्यावरून आबा ओरडले, "जोडी जुळली की गं! एक बैल उजवीकडं वडतुया, एक डावीकडं वडतुया, मंगच गाडी सरळ जाती!"

संपलं आख्यान. उठू नका! चपला कुठं जात नाहीत! माझा प्रश्न अजून तुमच्याकडे आहे. खरी किंमत कुठल्या जिभेवर? शेठच्या चौदाशेवर नाही, दोनशेवरही नाही. विकणाऱ्यानं खोड सांगावी, घेणाऱ्यानं गुण मान्य करावा, मधल्यानं दलाली उघड करावी. मग जो आकडा उरतो तो भाव. आणि ज्या वस्तूची खोड ठाऊक असूनही शमीम ती विकत नव्हती, तिला भाव नसतो. तिला मोल असतं.

आता तुमच्याकडे येतो. चुळबुळ करू नका, येतोच! तुम्ही रोज या देवापुढं उभे राहता. मनातल्या मनात टॉवेल टाकता आणि त्याची बोटं दाबता. एक नारळ — पोराला नोकरी. पाच मंगळवार — जमिनीचा निकाल. बरोबर? आणि आपला माल त्याला कसा दाखवता? नव्यासारखा! घासून, पुसून, पुदिन्याचा वास मारून! अहो, त्यानं तुमचे चरे बघितलेत. वळण आलं की तुम्ही कुठं गोठता, हे त्याला पाठ आहे. आणि तरी आजवर त्यानं तुम्हाला बाहेर काढून विकलेलं नाही. एवढं ज्यानं केलं, त्याच्यापुढं एकदा तरी खोड आधी सांगाल का? आणि त्याच्यापुढं जमलं की घरात सांगा. नवऱ्याला, बायकोला, भावाला, मित्राला. काय सांगावं, तुमची चकती जिथं अडते, तिथं त्यांची चालत असेल!

आता आरतीचं ताट फिरेल. आणि मला ठाऊक आहे, भाजीवाल्यानं नाकारलेली, रिक्षावाल्यानं नाकारलेली, चिकटपट्टी लावलेली ती नोट इथं कुणाच्या तरी खिशात आजच्या दिवसाची वाट बघत बसलीय. ते पुढच्या ओळीतले हसले, म्हणजे त्यांच्याच खिशात आहे! टाका, खुशाल टाका. देव फाटकंही घेतो, नाहीतर तुम्हाआम्हाला घेतलं असतं का? फक्त एक करा. फाटकी बाजू आत दुमडून टाकू नका. उघडी करून ठेवा.